‘नीट करतो’

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीटसं ठाऊक नाही.

राजारामपुरीत माझा बुद्धिबळाचा क्लास आहे. जवळच्याच एका हॉलमध्ये स्पर्धा होती. शेवटची फेरी; जिंकेल तो राज्य निवडीला जाणार. समोर सुजाताताई, कागलच्या कारखान्यात इंजिनिअर. माझ्यापेक्षा सरस खेळायच्या — हे तेव्हाही कळत होतं. आणि माझे विद्यार्थी भिंतीशी उभे. बाईकडून सर हरले, असं कानावर आलं असतं तर? भीती कसली, लाजच वाटत होती.

डाव नुकताच सुरू झालेला. इटालियन सुरुवात. दोघांचीही प्यादी पुढे, घोडा-उंट बाहेर. त्यांचा राजाकडचा घोडा अजून घरातच; तो निघाला की त्या किल्लेकोट करणार, राजा हत्तीच्या आडोशाला नेणार, हे उघड होतं. तो राजा घराच्या रेघेवर तिरका उभा होता. ‘नीट करतो,’ म्हणाल्या आणि त्यांनी तो सरळ केला.

नियम साधा आहे. आधी सांगितलं तर चालतं. न सांगता हात लावला, की तोच मोहरा हलवावा लागतो. आणि मी — ऐकून न ऐकल्यासारखं करून पंचांना बोलावलं.

“मी आधी सांगितलं की!” बाई शेजारच्या पटावरच्या नागपूरकराकडे वळल्या. “पावणं, तुम्ही ऐकलासा न्हवं?”

पंच बाहेरगावचे. त्यांनीही त्यालाच विचारलं. पुसटसं ‘नीट करतो’ ऐकलं खरं, तो म्हणाला, पण ‘करतो’ म्हणजे हे सरच बोलले असणार. आमच्याकडे बायकाही ‘करतो’च म्हणतात, हे त्याला काय ठाऊक? पण मला? माझी आई जन्मभर ‘मी जेवतो’ म्हणत आलीय. पंचांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणालो — हो, मीच बोललो, माझं प्यादं सरळ करताना.

बाईंच्या तोंडचा शब्दसुद्धा मी चोरला.

त्यांना राजा हलवावा लागला. एकदा राजा हलला की किल्लेकोट नाही; उघड्यावरचा राजा किती टिकणार? मी जिंकलो, निवडीला गेलो, क्लासच्या पाटीवर तसं लिहूनही घेतलं.

तो डाव मी अजून मुलांना शिकवतो. राजा इतक्या लवकर का हलवला, असं कुणी ना कुणी विचारतंच. ‘बाईंनी घाई केली,’ मी सांगतो. मुलं हसतात.

बाईंनी घाई केली नव्हती. मी ऐकलं होतं.