आण घातलेला उतार

अमडापूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला एक लहानशी वस्ती आहे. तिथल्या लोकांना पुष्पांजलीचं काम काही केल्या पटत नव्हतं. दुसरबीडच्या शेतकऱ्याची पोरगी, एमएस्सी झालेली, लग्नाच्या वयाची. आणि वणव्यात जळालेल्या उतारावर उन्हातान्हात दोरीचे चौकोन आखून इवली इवली रोपं मोजत बसते.

"राख मोजाले फेलोशिप भेटते म्हंते," म्हातारा पुंजाजी पारावर सगळ्यांना ऐकवायचा. "मंग आमच्या चुलीतली बी मोज म्हना तिले."

पुष्पांजली हसायची. विषय तिनं हौसेनं घेतला नव्हता. दुसरबीडला तिच्या घरासमोर जंगल नव्हतं, रस्ता होता आणि त्यावरचे ढाबे. विद्यापीठात शरयू मॅडमच्या हाताखाली एकच जागा रिकामी होती, आणि ती घ्यायला कुणी तयार नव्हतं. वणव्यानंतर जंगल कसं बदलतं, कोणतं झाड परत येतं आणि कोणतं येत नाही, हे बघायचं होतं. नाल्याच्या अलीकडचा उतार जळालेला, पलीकडचा वाचलेला. दोन्हींवर सारखेच चौकोन, प्रत्येक रोपाला पत्र्याचा बिल्ला, आणि दर हंगामाला मोजणी. वस्तीतल्या बायका त्या चौकोनांना 'पुष्पाचे वाफे' म्हणायच्या.

पहिल्या वर्षी जळक्या उतारावर काहीच नव्हतं. काळी खोडं, आणि पाय ठेवला की उडणारी भुकटी. पाऊस पडल्यावर अंजनाची रोपं वर आली. जोडीजोडीनं मिटलेली पानं, जणू कुणी हात जोडलेत. दुसऱ्या वर्षी ती गुडघ्याला लागू लागली. नाल्यापलीकडे, जिथं आग पोचलीच नव्हती, तिथं मात्र अंजनाचं रोप शोधावं लागत होतं.

शरयू मॅडमनी फोनवर दोनदा खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "पुष्पांजली, न जळलेल्या जंगलापेक्षा जळलेलं जंगल जास्त उभं राहतंय. यावर लोक भांडतील. भांडू देत."

नागपूरच्या परिषदेला सारांश गेला, स्वीकारलाही गेला. फेलोशिपचं तिसरं वर्ष त्यावर ठरणार होतं. ते मिळालं नाही तर घरी परत, आणि घरी परत म्हणजे काय, हे तिलाही ठाऊक होतं आणि वडिलांनाही. वडिलांनी चिखलीच्या एका स्थळाला "पोरीचं एक वर्ष राह्यलं" असं सांगून थांबवून ठेवलं होतं.

थंडीत ती परिषदेसाठी फोटो काढायला गेली. रोपाच्या उंचीवरून फोटो घ्यायचा तर गुडघे टेकावे लागत. नाल्यापलीकडे ती उठली तेव्हा सलवारीला बकऱ्यांच्या लेंड्या चिकटल्या होत्या. तिनं त्या झटकल्या, नाला ओलांडून जळक्या उतारावर आली आणि पुन्हा गुडघे टेकले. या खेपेला उठली तेव्हा गुडघ्यांना नुसती माती होती.

ती तशीच उभी राहिली. मग चौकोनाच्या बाहेर गेली. आणखी वर गेली. गवत कमरेएवढं वाढलं होतं, आणि त्यात एकही पायवाट नव्हती.

पहिल्या वर्षी तिनं स्वतःच लिहिलं होतं, इथं गवत नाही म्हणून जनावरं येत नाहीत. दुसऱ्या वर्षी गवत आलं. ते तिला दिसत होतं. पण आकडे इतके देखणे येत होते, की तिनं आणखी काही विचारलं नव्हतं.

पुंजाजी नाल्यावर बकऱ्यांना पाणी पाजत होता.

"काका, बकऱ्या अलीकडच्या उतारावर काऊन नाई आणत तुमी?"

पुंजाजीनं तोंडातली काडी काढली. "आता इचारून राह्यली? दोन सालानं? अन् म्हने शिकेल हाय!"

"सांगा ना, काका."

"अवो, पहिल्या पावसाळ्यात भिमाबाई बुढीच्या बकऱ्यांनी तुये वाफे खाल्ले. तू तिथंच डोक्याले हात लावून रडत बसेल होती. बुढीनं पाह्यलं. रातच्याले पारावर आली अन् देवीची आण घातली त्या उताराले. पुष्पा पास होईस्तोवर कोनाचंच जनावर तिकडं जाणार नाई. मंग काय? सारे पलीकडं."

"मले कोणी सांगितलं नाई."

"उपकार का सांगाचे असते, बाई?"

ती रडली होती हे खरं. त्या दिवशी घरून फोन आला होता, आईचं ऑपरेशन होतं. बकऱ्यांनी काही खाल्लं हे तिनं तेव्हा पाहिलंही नव्हतं.

खोलीवर येऊन तिनं दोन्ही उतारांच्या नोंदी पुन्हा उघडल्या. जळक्या उतारावर रोपं वाढली, कारण तिथं कुणी तोंड लावलं नाही. पलीकडची गेली, कारण साऱ्या वस्तीची जनावरं तिथंच कोंडली. आगीनं काय केलं, हे तिला अजून ठाऊकच नव्हतं. आणि 'जळाल्यावर जंगल दाट होतं' हे तिच्या नावानं नागपूरला वाचलं जाणार होतं. ते ऐकून उद्या कुणी काडी ओढली तर?

तिनं मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं.

"सारांश मागे घ्यायचा तर आजच घ्यावा लागेल," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "आणि तिसऱ्या वर्षाचं मी आता काही सांगू शकत नाही. नीट विचार केलास?"

"घ्या मागे, मॅडम," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला आपल्याच आवाजाचा राग आला.

तरी हे सोपं होतं. भिमाबाईकडे जाणं अवघड होतं.

भिमाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला पाहताच म्हणाली, "ये वो पोरी. झाली का पास?"

"मावशी, आण सोडव त्या उताराची."

"झाली म्हंजे!"

"नाई झाली." पुष्पांजली खाली बसली. तिनं सांगायचा प्रयत्न केला. आग एकीकडं, बकऱ्या एकीकडं. दोन्हीकडं सारखं चरलं पाह्यजे, तवाच आगीचं समजते. बोलता बोलता आपण या बाईच्या तोंडावर तिचं देणं फेकतो आहोत, असं तिला वाटत राहिलं. "अर्ध्या उताराची सोडली तरी चालन. वरच्या अंगाची राहू दे."

"आण का भाकर हाय, अर्धी मोडाले?" भिमाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "देवीले का म्हनू? थोडं खोटं, थोडं खरं? सोडाची तं पुरी सोडाची." मग हळू आवाजात म्हणाली, "दोन सालं म्या पलीकडच्या चढानं बकऱ्या नेल्या, पोरी. या गुडघ्यानं. तुयं वाटोळं कराले नेल्या का?"

पुष्पांजलीनं टोपलीतल्या शेंगा उचलल्या आणि सोलू लागली. भिमाबाईनं तिला थांबवलं नाही.

मंगळवारी भिमाबाईनं देवीला नारळ फोडला आणि बकऱ्या नाल्याच्या अलीकडे वळवल्या. पुष्पांजली चौकोनाच्या कडेला उभी होती. बकऱ्या क्षणभर बुजल्या. मग एक काळी पाट, तरणी बकरी, पुढं झाली, गवतात नाक घालून हुंगत सरळ अंजनाच्या रोपापाशी गेली, आणि तिनं बिल्ल्यासकट फांदी तोंडात धरली.

भिमाबाईची काठी आपसूक वर गेली.

पुष्पांजलीनं ती मधेच धरली. "खाऊ दे, मावशी," ती म्हणाली.

दोघींच्या हातात ती काठी तशीच राहिली.