दोन दिवे, एक वायर

"मिस्त्री, हा लाल दिवा आता मले दिसला नाही पाहिजे. कसं करता ते तुमचं तुमी पाहा."

शेठ चौथ्यांदा तीच तक्रार घेऊन आले होते. साकोलीत माझं गॅरेज, शेठची राईस मिल. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचा सुमार. गाडी जुनी, सेकंडहँड. सोबत त्यांचा ड्रायव्हर तुळशीराम. दिघोरीचा, तिशीच्या आतबाहेरचा, शब्दाला पक्का माणूस.

त्या गाडीच्या डॅशबोर्डवर दोन लाल दिवे होते. एक चार्जिंगचा, डायनॅमो बॅटरी भरतो की नाही ते सांगणारा. दुसरा ऑइलचा. किल्ली फिरवली की दोन्ही लागतात, इंजिन सुरू झालं की विझतात. शेठच्या गाडीत इंजिन तापलं की ऑइलचा दिवा पुन्हा लागायचा. मी ऑइल बदललं. इंजिनवरचा प्रेशर स्विच, म्हणजे दिव्याला खबर देणारं बटन, नवं टाकलं. दिवा तसाच. म्हणजे दिवा खरं सांगत होता. आत बेअरिंग झिजलं होतं, ऑइलचं प्रेशर टिकत नव्हतं.

"शेठ, इंजिन खोलावं लागते. दहा दिवस गाडी ठेवा."

"दहा दिवस? धानाची खरेदी चालू आहे, आन मी काय सायकलनं फिरू? हा तुळशीराम दर दोन मैलाले गाडी उभी करते. दिवा पायते का रस्ता पायते रे तू?"

"दिवा लागला तं उभी कराच लागते ना शेठ," तुळशीराम म्हणाला. "मिस्त्रीभाऊनंच सांगतलं."

मीच सांगितलं होतं.

शेठचे तीन ट्रकही दुरुस्तीला माझ्याकडेच यायचे. मी मान डोलावली.

नुसता बल्ब काढला असता तर किल्ली फिरवताच तुळशीरामच्या ध्यानात आलं असतं. म्हणून ऑइलच्या दिव्याची वायर स्विचवरून सोडवली आणि डॅशबोर्डमागे चार्जिंगच्या वायरला जोडून दिली. आता दोन्ही दिवे सोबत लागणार, सोबत विझणार. ऑइल असो की नसो. पंधरा मिनिटांचं काम. शेठला म्हटलं, "झालं." काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. तुळशीरामला मी सांगितलं नाही. सीझन संपला की इंजिन खोलू, अशी स्वतःची समजूत घातली.

तीन आठवड्यांनी ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत आणली. तुळशीराम मिलच्या मुनीमजींना सानगडीला सोडून एकटाच परत येत होता. बॉनेट उघडलं. पिस्टनचा कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर आला होता. भोकात मूठ गेली असती.

"आवाज आला तेव्हा काहून नाही थांबला?" शेठ ओरडले.

"आवाज आला तं मी आधी दिवा पायला, शेठ. दिवा नव्हता. मले वाटलं, सायलेन्सर असन."

"दिवा नव्हता?" शेठ स्वतः आत बसले. किल्ली फिरवली. दोन्ही दिवे लखलखीत लागले. "हा काय मंग? तुह्या डोळ्यात मोतीबिंदू झाला का? मिस्त्री, ऑइलचा दिवा चालू आहे का बंद?"

तुळशीराम माझ्याकडे पाहत होता. "सांगा ना मिस्त्रीभाऊ."

"चालू आहे," मी म्हणालो.

माझ्याच तोंडून ते आलं यावर माझा विश्वास बसेना. पण आलं होतं. तुळशीरामनं वाद घातला नाही. दिव्याकडे पुन्हा एकदा पाहिलं, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि चालत एसटी स्टँडकडे गेला. नोकरी गेली. नव्या ब्लॉकवर इंजिन बांधताना मी वायर गुपचूप जागेवर लावली.

आठ-नऊ वर्षांनी दिघोरीत एका शेतकऱ्याचं डिझेल इंजिन दुरुस्त करायला गेलो. शेजारच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, तुळशीराम निंदण करत होता. मला पाहून वर आला, हसला, चहा मागवला. मी चहाच्या आधीच सगळं सांगून टाकलं. शिव्या खायच्या तयारीनं.

तो हातावरचा चिखल काढू लागला.

"म्हणजे दिवा लागलाच नव्हता?"

"नव्हता."

"खरं सांगता?"

"वायरच काढली होती मी."

"मी तं समजत होतो, मले झपकी आली असन. डोळे दाखवून आलो भंडाऱ्याले. डाक्टर म्हणे, डोळे चांगले हायेत. मंग अजूनच भेव वाटलं. एसटीत ड्रायव्हरची भरती निघाली होती. माहा साळा म्हणे, अर्ज कर. नाही केला. म्हटलं, ज्याले नाकासमोरचा दिवा दिसत नाही त्यानं पन्नास माणसं कायले न्यायची?"

मी समजत होतो, मी त्याची नोकरी घालवली. तो मला खोटारडा म्हणत असेल, असं इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्यानं माझा शब्द खरा मानला होता आणि स्वतःचे डोळे खोटे.

"आता कर अर्ज," मी कसंबसं म्हणालो.

"वय निंगून गेलं ना, मिस्त्रीभाऊ."

दुसऱ्या दिवशी शेठना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "ते गाडी तं मी कवाच विकली."

वाचकांपैकी कुणाकडे जुनी गाडी असेल आणि दिवा विझत नसेल, तर गाडी उभी करा, इंजिन खोला. दहा दिवस लागतात.