काकींचा उजवा हात

"सरळ सांगा की." आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या काकींचं हे वाक्य सांगलीत आमच्या भागात राहिलेल्या प्रत्येकानं कधीतरी ऐकलं असेल. त्या स्वतःही सरळच सांगायच्या. दळण कधी मिळेल असं विचारलं, तर म्हणायच्या, "आज न्हाई व्हायचं. उद्या दुपारी या." गोड बोलून कुणाला ताटकळत ठेवणं त्यांना जमत नसे.

मी फिजिओथेरपिस्ट. लहानपणापासून त्यांच्याकडे गव्हाचा डबा घेऊन जात आले. कधी व्यायाम शिकवायला जावं लागेल, असं मनातही आलं नव्हतं.

एका सकाळी ज्वारी दळताना त्यांचा उजवा हात जड झाला. मुंग्या आल्या असतील, असं म्हणत त्यांनी समोरचं दळण पुरं केलं आणि मगच शेजारच्या पोत्यावर कलंडल्या. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. दवाखान्यात पोचायला उशीर झाला. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पण उजवी बाजू लुळी पडली.

पुण्याहून मुलगा आला. काही दिवसांनी डॉक्टरांनी एक वेगळ्या प्रकारचा एमआरआय केला आणि व्यायाम मीच घेणार म्हणून मुलाबरोबर मलाही पडद्यासमोर बसवलं. "मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेनं सरकतंय ते यात दिसतं," ते म्हणाले. "हात-पाय हलवायचा निरोप ज्या तंतूंमधून खाली जातो, ते धड असले तर पाणी त्यांच्या लांबीनं सरकतं. तुटले असले तर कसंही पसरतं." पायाकडचे तंतू बरेचसे शाबूत होते. हाताकडचे जवळजवळ दिसतच नव्हते. "त्या चालतील. बोटांची बारीक कामं मात्र परत येतील असं वाटत नाही. अर्थात, हा अंदाज आहे."

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "ताई, आईला सांगू नका. खचेल ती."

मग आम्ही दोघंही गोड बोलू लागलो. मी रोज त्यांच्या उजव्या हातात स्पंजचा चेंडू द्यायची आणि "येईल, काकी" म्हणायची. पाय उचलू लागला. हात तसाच राहिला. एके दिवशी त्यांनी चेंडू बाजूला ठेवला.

"पोरी, चित्रात काय दिसलं ते सरळ सांग की."

मी मुलाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मी सांगितलं.

काकींनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर घेतला, कुरवाळला. "लय राबला बिचारा," म्हणाल्या. डोळे पुसले. "आन् पाय?"

"पाय चालणार."

"मग डाव्याला शिकवाय लागंल."

सगळ्यात अवघड गेलं ते डाव्या हातानं जेवणं. ज्या हाताला आयुष्यभर ताटाजवळ येऊ दिलं नव्हतं, त्यानंच घास घ्यायचा. त्या भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. एका संध्याकाळी, घरच्या रीतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत, मुलगा ताट घेऊन त्यांच्यासमोर बसला आणि स्वतःही डाव्या हातानं जेवू लागला. आमटी शर्टभर झाली. काकी हसून हसून बेजार. "आरं, मला तर कारण हाय. तुला काय झालंय?" त्यानंतर त्या भिंतीकडे वळल्या नाहीत.

गिरणी बंद करून पुण्याला चल, हा मुलाचा पहिल्यापासूनचा हट्टही हळूहळू निवळला. कुपवाडचा एक फिटर बोलावून त्यानं गिरणीची बटणं डावीकडं करून घेतली. काकी काठी टेकत पुन्हा कामाला जाऊ लागल्या. उजव्या हाताची फक्त मूठ व्हायची. पिशवी दाबून धरायला तेवढी पुरायची.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "चित्रात दिसलं होतं तसंच झालं."

"मग आनंद मानायचा का दुःख?" काकींनी विचारलं. "तुमी आनंद माना," त्याच पुढं उठत म्हणाल्या, "मला दळणं हायत."

अशी काही वर्षं त्यांनी सुखानं गिरणी चालवली. त्या गेल्या त्याला आता वर्ष होत आलंय. पुतणी गिरणी बघते.

शेवटची भेट झाली ती रस्त्यातच. गिरणी बंद करून त्या घरी निघाल्या होत्या. मी मागून येत होते. सवयीनं माझी नजर त्यांच्या पावलांवर गेली. उजवा पाय किंचित बाहेरून यायचा, पण टाच नीट टेकत होती. त्यांनी वळून पाहिलं.

"माझी चाल काय बघतीस?" म्हणाल्या. "संगं चाल की."

मी पुढं झाले. वळणापर्यंत आम्ही बरोबर गेलो.