डेंजर हां

त्याचा उजवा हात कानापर्यंत वर जायचा, पंजा उघडा, आणि तो म्हणायचा, "डेंजर हां." तो हात समोरच्याच्या पाठीवर थाप म्हणून पडणार की गालावर, ते खाली येईपर्यंत कळायचं नाही. तुमच्याही वाड्यावर असा एखादा असेल. तो आला की लोक आधी त्याच्या हाताकडे बघतात, मग तोंडाकडे.

धारगळला तो आमच्या शेजारी राहायचा. चिऱ्यांच्या खाणीवर स्वतःचा टिपर चालवायचा. टिपरच्या मागच्या फळीवर त्याने लाल रंगात 'डेंजर' रंगवून घेतलं होतं. इंग्रजीतला तेवढा एकच शब्द त्याला वाचता यायचा, म्हणून तो सगळीकडे वापरायचा. मिरची डेंजर, पोलीस डेंजर, माझी परीक्षाही डेंजर.

म्हापशाच्या स्टँडवर एका कंडक्टरने मला बसमधून ढकलून उतरवलं, तेव्हा याने त्याला अशी थप्पड दिली की तोंडातली शिटी गटारात पडली. बाबा तापाने फणफणले तेव्हा यानेच त्यांना टिपरमध्ये घालून इस्पितळात नेलं, आणि वाटेत बाजू न देणाऱ्या रिक्षावाल्याची काच फोडली. त्याचे उपकार असेच असायचे. कुणाचं तरी रक्त निघाल्याशिवाय ते पुरे होत नसत.

घरात ते रक्त त्याच्या बायकोचं असायचं. तिला आम्ही काकी म्हणतो. भात मऊ झाला म्हणून त्याने तिच्या पाठीवर भात ढवळायची दवली मोडली. एकदा उकळत्या पेजेचं भांडं फेकलं. तो खांदा अजून गुलाबी आहे. ती आमच्याकडे पळून यायची, आई हळद लावायची, आणि तो अंगणात उभा राहून शांतपणे म्हणायचा, "चल घरा." ती जायची. बाबा एकदाच मधे पडले, त्यात त्यांचा दात गेला. आई म्हणायची, "एक दिवस हो तिका मारून टाकतलो." ते आम्हां सगळ्यांनाच दिसत होतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. इंग्रजीच्या मॅडम एकदा शब्दांची मुळं सांगत होत्या, त्यात नेमका हाच शब्द निघाला. मला समजलं ते असं: डेंजर म्हणजे सुरुवातीला धोका नव्हे. शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या मालकाच्या शब्दात आहे. पूर्वी कुणाच्या डेंजरमध्ये असणं म्हणजे त्याच्या ताब्यात असणं, त्याने मारलं तरी आणि तारलं तरी. डेंजरस माणूस म्हणजे तोऱ्यात राहणारा, कशानेच खूश न होणारा. मालकाच्या हाती असण्यालाच लोक पुढे धोका म्हणू लागले असावेत. वर्गात बसून मला शेजारचं घर दिसत होतं.

कॉलेजात काय शिकवतात असं त्याने विचारलं, तेव्हा मी हे सांगितलं. वाटलं होतं, थोडा ओशाळेल. तो खूशच झाला. काकी कपडे वाळत घालत होती. तिच्याकडे बोट करून म्हणाला, "म्हणजे ही माज्या डेंजरात आसा."

काकीने वर पाहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने मला तो शब्द पुन्हा सांगायला लावला. 'मालक' या शब्दापाशी तिने मला थांबवलं. "मालक एकच आसा गो बाय," ती म्हणाली. "तो देवळात."

वर्षातून एकदा आमच्या देवळात गावाचं गाऱ्हाणं होतं. गावकार, म्हणजे मानाचा म्हातारा, देवाला हाक मारून एकेक मागणं सांगतो आणि जमलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. ज्याने म्हटलं, त्याने ते देवासमोर कबूल केलं. ते मोडायची कुणाची छाती नाही. या होकारात त्याचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. वाक्य संपायच्या आधीच तो ओरडायचा, नि पोरं हसायची.

त्या वर्षी घरचा नारळ काकी घेऊन गेली. तिचा ओठ सुजलेला होता. नारळ देताना ती गावकाराशी हळू काहीतरी बोलली. पीकपाण्याचं झालं, गुराढोरांचं झालं. मग गावकार म्हणाला, "ही जी बाय तुज्या पायाकडे इली आसा, ती तुज्या ताब्यात आसा. तिच्यार जो कोण हात उगारतलो, त्याका तूच बघून घे..."

"व्हय म्हाराजा!"

तो एकटाच, सगळ्यांच्या आधी, हात कानापर्यंत नेऊन. मग त्याला शब्द कळले. त्याच्या मागून सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा." काकी बिलकूल दचकली नाही. त्याची ही खोड तिच्याइतकी कुणाला ठाऊक होती?

काही दिवसांनी ताट आदळल्याचा आवाज आला, म्हणून मी जनेलाच्या गजांतून पाहिलं. काकी भिंतीपाशी, त्याचा हात वर. तो हात तसाच वर राहिला. मग त्याने काकीच्या डोक्याशेजारच्या चिऱ्यावर मूठ मारली. पुन्हा मारली. मारतच राहिला, बोटं मोडून भिंत लाल होईपर्यंत. ती नुसती बघत होती.

हाताला प्लास्टर घालून तो बेळगावकडे कुणा दोस्ताकडे गेला. टिपर विकला. परत आलेला नाही.

काकी आता तुयेच्या कारखान्यात जाते. सकाळी बसपर्यंत आम्ही बरोबर चालतो. मागून एखादा टिपर हॉर्न देत आला की तिचं कोपर तोंडासमोर येतं. टिपर निघून जातो. ती त्याच्या मागच्या फळीवर लाल अक्षरं आहेत का बघते, आणि मग कोपर खाली आणते.