दिवस मावळायच्या आत सूप

मंगलाबाईच्या हाताला लसणाचा वास आहे, तो काही आजचा नाही. आमच्या खानदेशात लसूण चेचल्याशिवाय चूल पेटल्यासारखी वाटत नाही. वीस वर्षांपूर्वी ती नवऱ्यामागे सुरतेला आली, तिथल्या डिंडोली वस्तीत राहिली, साड्यांना टिकल्या लावून लावून डोळे मंदावले तेव्हा रांधायच्या कामाला लागली. सध्या ती एका जैन घरी संध्याकाळचा स्वयंपाक करते. त्या घरात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, जमिनीखाली वाढलेलं काही नाही.

घरात माणसं दोनच. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मधुकांताबा आणि पूर्वी नावाची त्यांची सून. ती बँकेतून संध्याकाळी सातला येते. बा मात्र दिवस मावळल्यावर अन्नच काय, पाण्याचा घोटही घेत नाहीत. गेल्या महिन्यात त्यांचे उरलेले दात काढले आणि चावणं बंद झालं. म्हणून पूर्वीने मोबाइलवर बघून एक सूप शिकवलं. थायलंडकडच्या धाटणीचं, पण आल्यालसणावाचून. गवती चहा, कोथिंबीर आणि मिरचीचं हिरवं वाटण, नारळाचं दूध, मऊ शिजलेल्या भाज्या. करायला सोपं. बा ते वाडगा पुसून खात.

सोमवारी मात्र वाटण करता करताच सूर्य गेला. बांनी भरलेला वाडगा बाजूला सारला. पहाटे त्यांना चक्कर आली. पूर्वी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मंगलाबेन, पुन्हा असं झालं तर मला दुसरी बाई बघावी लागेल. बांना आता उपास सोसत नाही."

ते बोलणं मंगलाबाई विसरली नाही. बुधवारी तिने दुपारीच, आपल्या घरी, वाटण करून घेतलं. लेक हर्षदा अभ्यास टाकून बघत होती.

"माय, आते गवत बी रांधशी का?"

"थायलंडनं कालवण शे ते."

"मंग म्हशीले बी देत जाय थोडं."

मंगलाबाई हसली नाही. डबा पिशवीत घातला आणि निघाली.

पौषात सव्वासहाला दिवस जातो. पावणेसहाला तिच्या भाज्या शिजल्या होत्या: दुधी, फरसबी, मक्याचे दाणे. नारळाचं दूध मंद आचेवर होतं. तिने डब्याचं झाकण उघडलं, चमचा भरला, पातेल्यापर्यंत नेला आणि हात तिथेच थांबला.

लसूण. सकाळी घरी मिक्सरच्या त्याच भांड्यात तिने ठेचा वाटला होता. भांडं धुतलं होतं, पण घाईत.

वास अगदी पुसट होता. नारळाच्या दुधात कुणालाही कळला नसता. बाहेरच्या खोलीत बा माळ ओढत बसल्या होत्या. जन्मात ज्या बाईच्या जिभेला लसूण लागली नाही, तिला आज कळणारही नव्हतं. आणि नवं वाटण करायचं तर सूर्य थांबणार नव्हता.

"मंगलाबेन, केटली वार?" बांनी किती वेळ लागेल ते विचारलं.

"थोडीच, बा."

तिने चमचा डब्यात टाकला, झाकण दाबलं आणि डबा दाराबाहेर, चपलांजवळ ठेवून आली. लिंबाने हात चोळले. सोसायटीच्या बागेत धावत जाऊन गवती चहाची चार पाती तोडली. मिक्सर काढून लावायला वेळ नव्हता, म्हणून पाती आणि मिरची खलबत्त्यात ठेचली, वर कोथिंबीर चिरली, किंचित सुंठ टाकली; आलं नाही, पण वाळलेली सुंठ या घरात चालते. दुधाला उकळी येऊन ते फाटू नये म्हणून पातेलं खालीवर करत राहिली. समोरच्या इमारतीच्या काचांवरचं ऊन मजला मजला वर चढत होतं. वरच्या दोन काचा उरल्या तेव्हा तिने वाडगा बांच्या हातात दिला.

बा सावकाश खात होत्या. मंगलाबाई काचांकडे बघत होती. बांनी चूळ भरली, पाणी प्यायल्या, पदराने ओठ टिपले. शेवटची काच नंतर विझली.

"चपलांजवळ डबा कसला?" बांनी विचारलं.

माझा जेवणाचा डबा, असं उत्तर तोंडाशी आलं होतं. "त्यात लसूण लागलेलं वाटण आहे, बा. तुमच्या पातेल्यात गेलं नाही."

"झाकण उघडलंस तेव्हाच वास आला मला."

"मग बोलला नाहीत?"

"म्हटलं, बघू." बांनी माळ पुन्हा हातात घेतली. "पूर्वीला मी सांगू?"

"नको. माझी चूक मीच सांगते."

सातपर्यंत ती ओट्याला टेकून उभी होती. लिफ्ट वाजली की ती प्रत्येक वेळी बोटं नाकाशी नेई. पूर्वी आली, चपला काढताना तिची नजर डब्यावर गेली, आणि मंगलाबाईने उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. पूर्वीने आत जाऊन बांचा रिकामा वाडगा उचलून पाहिला.

"उद्यापासून वाटण इथेच करायचं," ती म्हणाली. "अर्धा तास लवकर येता येईल?"

"येईन."

ती पिशवी उचलत होती तेव्हा आतून बांचा आवाज आला, "बेन, पाणी पिऊन जा."

तेव्हा मंगलाबाईच्या ध्यानात आलं, दुपारपासून तिने स्वतः पाण्याचा घोट घेतला नव्हता.