आत्याचं डावं, लोकांचं उजवं

माझी आत्या उलटी चालते. म्हणजे डोक्यावर नव्हे. पाठ रस्त्याकडे आणि तोंड पाहुण्यांकडे. जुन्या गावातल्या वेशी, बुरूज, बाजार ती लोकांना पायी हिंडवून दाखवते, आणि पाठ करून बोलणं तिच्या मते उद्धटपणा. खड्डा, पायरी, झोपलेलं कुत्रं, सगळं तिला पाठीने दिसतं. गल्लीतली पोरं तिला ‘रिव्हर्स’ म्हणतात. ही वर त्यांनाच दटावते, “बाजूला व्हा, गाडी येतेय.”

तर पर्यटन कार्यालयात नवा साहेब आला आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. लोकांनी फोनवर आवाज ऐकत आपापलं हिंडावं, गाईड हवाय कशाला? आणि आवाज कोणाचा, तर आत्याचाच. तिला एका खोलीत बसवून सगळं बोलून घेतलं. वर म्हणाला, रविवारी लोकांना दोन्ही पर्याय देऊ, फोन जास्त चालला तर तुमची फेरी बंद.

मी जाम चिडले. “आत्या, आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास.”

“अगं, आवाज गोड आहे म्हणाला तो,” ती लाजत म्हणाली. घ्या. हे काम गेलं तर ही दिवसभर घरात बसून आम्हालाच स्वयंपाकघर हिंडवून दाखवणार, हे मला दिसत होतं. आणि आतून सुकून जाणार, हेही.

रविवारी साहेब आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आला. त्यांच्यासकट सगळ्यांनी फोन घेतले. आत्याकडे उरलो मी आणि माझे बाबा, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, आणि तोही घरात भांडण नको म्हणून आलेला.

फोनवाली मंडळी पुढे गेली. आम्ही रमतगमत बुरुजाशी पोचलो, तर तिथे चिटपाखरू नाही. आत्या एकदम थबकली.

“अगं बाई. वेशीपाशी डावीकडे वळा म्हणाले मी.”

“मग?”

“माझ्या डावीकडे गं.”

झालं कल्याण. बाई खोलीत खुर्चीवर बसली होती, पण मनातून उलटीच चालत होती. तिचं डावं ते लोकांचं उजवं. बुरूज राहिला बाजूला आणि अख्खी वरात गेली उजवीकडच्या सलूनमध्ये.

आम्ही धावत तिकडे गेलो. आत खुर्चीत एक गिऱ्हाईक, तोंडभर फेस, मानेपाशी वस्तरा. आणि दारापर्यंत दाटीने उभी सगळी मंडळी, माना खाली, डोळे मिटलेले. कारण कानात आत्या गहिवरून सांगत होती, ‘याच जागी सेनापतीची मान कापली गेली. क्षणभर शांत उभे राहा.’ सलूनवाला वस्तरा तसाच धरून एकेकाकडे बघत होता. हसून हसून माझी पुरेवाट झाली, बाबा तर उंबऱ्यावरच बसले.

साहेब लालबुंद झाला. “बाई, हे आजच्या आज दुरुस्त करून द्या.”

आत्या हसत नव्हती. ती एकेक चेहरा न्याहाळत होती. “देते. पण साहेब, तुमचे वडील कुठे आहेत?”

साहेबाने मागे पाहिलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “माझ्या मागेच होते.”

“तुम्ही पुढे बघत होतात,” आत्या म्हणाली. “मी मागे बघत चालते ती उगीच नाही.”

तेवढ्यात खुर्चीतला फेस बोलला. “इथे आहे मी. पाय दुखायला लागले, तुला किती हाका मारल्या. तुझ्या कानात बोळे. इथे रिकामी खुर्ची दिसली, बसलो. म्हटलं, निदान दाढी तरी होईल.”

कोणी हसलं नाही. इतका वेळ साहेब त्यांच्यासमोरच मान खाली घालून उभा होता. त्याने कानातलं काढून खिशात टाकलं आणि खाली बघतच म्हणाला, “बाई, तुमची फेरी चालू राहील.”

“ते नंतर,” वडील म्हणाले. “आधी मला उठायला हात दे.”