मुद्देमालातला काळा गरुड

पत्त्यांची गड्डी कुठे दिसली की एका ठाण्यातली रविवारची दुपार अजून माझ्यासमोर येऊन उभी राहते. ठाणं वणीकडच्या पट्ट्यातलं होतं, एवढंच सांगतो. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, माणसांचीही घेणार नाही. त्यातले बहुतेक जण अजून तिथेच राहतात आणि एक जण तर आता आमच्याच खात्यात आहे.

माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. जुगाराच्या धाडी मी आयुष्यभर घातल्या. कोळशाचा भाग, ट्रकांचे अड्डे, हातात रोख पैसा, त्यामुळे या कामाला तोटा नव्हता. दार वाजलं की पुढे काय होणार हे मला पाठ होतं. पत्ते हवेत उडतात, पैसे बनियनमध्ये जातात आणि एक तरी बहाद्दर मागच्या भिंतीवरून उडी मारून पाय मोडून घेतो. पकडल्यावर प्रत्येक जण सांगतो की मी नुसता पाहत बसलो होतो. एका फडावर तर सगळेच पाहणारे निघाले, खेळणारा एकही नव्हता.

तर त्या आठवड्यात ठाण्याच्या फोनवर एक खबर आली. योगायोगाने फोन मीच उचलला. आवाज तरुण मुलाचा होता, रुसल्यासारखा.

"साहेब, बाजारात मोबाइलचं दुकान आहे ना, त्याच्या वरच्या खोलीत दर रविवारी पत्ते चालते. एकेक पत्ता हजारोनं जाते. तीन वाजता सुरू होते. तुम्ही जा, मंग पाहा."

"तू कोण?" मी विचारलं. फोन बंद झाला.

खबर देणारा माणूस दोन कारणांनी बोलतो, पैशासाठी किंवा वैरासाठी. याचा सूर दोन्हीत बसत नव्हता. आणखी एक गोष्ट मला खटकली. जुगाराची खबर देणारा सगळ्यात आधी सांगतो की नाल कोण काढतो, म्हणजे प्रत्येक डावामागे जागेच्या मालकाचा वाटा कोण घेतो. या मुलाने नालेचं नावच काढलं नाही. पण खबर ती खबर. उपविभागीय अधिकाऱ्यांकडून झडतीचं वॉरंट घेतलं, स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच बोलावले आणि रविवारी तीननंतर आम्ही निघालो.

जिना चढून वर गेलो तर दाराला कडीसुद्धा नव्हती. आत तीन टेबलांवर समोरासमोर सहा जण बसले होते. भिंतीशी एक रिकामी खुर्ची होती आणि तिच्यापुढे स्टुलावर एक छोटा डबा ठेवलेला होता. माझ्या जमादारांनी सवयीने आवाज चढवला, "कोणी हलायचं नाही." आणि खरोखरच कोणी हललं नाही. मला पहिला धक्का तिथेच बसला. एकाचं पैशाचं पाकीट टेबलावर तसंच उघडं पडलेलं, त्याकडे त्याने पाहिलंही नाही. सहाच्या सहा जणांनी हातातले पत्ते मात्र छातीशी धरले होते.

पत्ते असे की मी जन्मात पाहिले नव्हते. प्रत्येक पत्ता पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला. चित्रं म्हणाल तर आग ओकणारा सरडा, डोळे असलेलं झाड, ढगांवरचा किल्ला, सात हातांची म्हातारी. खाली बारीक अक्षरात मजकूर आणि कोपऱ्यात आकडे. जमादार पंचनामा लिहायला बसले आणि अडले.

"साहेब, याले बदाम लिहू का इस्पिक?" सरड्याचा पत्ता वर धरून त्यांनी विचारलं.

"सरडा लिहा," मी म्हणालो.

"सरडे लय आहेत, साहेब. कोणता सरडा?"

शेवटी वैतागून त्यांनी आपली नेहमीची पद्धत वापरली. सगळ्या टेबलांवरचे पत्ते आणि तो डबाही एकाच कापडावर ओतला, दोन्ही हातांनी ढवळून एक ढीग केला आणि गाठ मारली. जुगाराचे पत्ते असेच उचलतात, कारण गड्डी कोणाचीच नसते. पण तो ढीग होताना त्या खोलीतून असा एक हुंदका निघाला की पंचसुद्धा दचकले. सहा जणांत एक मुलगी होती. पोलीस आत आले तेव्हा ती शांत होती. ढीग झाला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जमादार साहेब," बाजूचे एक चष्मेवाले गृहस्थ हात जोडून म्हणाले, "न्या तुम्ही, पण कोपरे वाकू देऊ नका." ते शाळेतले चित्रकलेचे शिक्षक होते.

ठाण्यात आणल्यावर मी एकेकाला वेगळं बसवलं. मुलीला आमच्या महिला शिपायाबरोबर समोर बोलावलं, तेव्हा मी तिला ओळखलं. तिची पोलीस भरतीत निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचे कागद माझ्याच टेबलावर सहीसाठी पडून होते. आई अंगणवाडीत मदतनीस, वडील नाहीत. आधी दोनदा ती थोडक्यासाठी राहिली होती. आता मी जुगाराचा गुन्हा दाखल केला असता तर त्या कागदावर मलाच तसं लिहावं लागलं असतं आणि तिची नोकरी तिथेच संपली असती. हे तिलाही कळत होतं. ती सावधान उभी होती.

"भरतीत लागलेली पोरगी तू, अन् पत्ते कायले खेळून राह्यली?" मी जरा रागानेच विचारलं. राग खरा होता. असं हातातोंडाशी आलेलं कोणी घालवलं की मला चीड येते.

"साहेब, हा पैशाचा खेळ नाही," ती म्हणाली. "याच्यात सगळ्याईची एक गड्डी नसते. प्रत्येकाची आपापली असते. हजारो पत्त्यांतून आपण निवडून बांधायची. दोन जादूगार लढून राह्यले असं समजा, अन् पत्ते म्हणजे त्यांची फौज. गड्डी पाहिली का माणूस कळते, साहेब. मास्तर नुसत्या चित्रासाठी पत्ते ठेवतात, म्हणून दर वेळी हरतात. मी भिंतीचे ठेवते."

"भिंतीचे म्हणजे?"

"पहिले मार खायचा. पडायचं नाही. समोरचा थकला का मंग उठायचं." तिने मान खाली घातली. "मी दोनदा राहिले ना भरतीत, तेव्हापासून तीच गड्डी आहे माझी."

"मग हजारोंचा पत्ता कोणता?"

"एकच आहे तसा. काळा गरुड. नवे पत्ते बंद पाकिटात विकत मिळतात, त्यात निघाला होता. पाकिटात काय निघन ते कोणालेच माहीत नसते."

"म्हणजे मटक्याचा आकडाच झाला की."

"पाकीट फोडताना तसंच वाटते, साहेब, खोटं नाही सांगत. म्हणूनच आमचा नियम आहे. रविवारी वर पाकीट फोडायचं नाही, फक्त खेळायचं. अन् डाव सुरू कराच्या आधी आपली गड्डी पिसून समोरच्याच्या हातात द्यायची, त्यानं कापायची. दुसऱ्याच्या पत्त्याले एरवी हात लावत नाही कोणी. तेवढं एकदाच."

बोलणं खरं वाटत होतं. पण खरं वाटलं म्हणून आरोपी सोडत गेलो असतो तर माझं ठाणं कधीच ओस पडलं असतं. निव्वळ कौशल्याच्या खेळाला जुगाराचा कायदा लागत नाही, हे मला माहीत होतं. पण तिकडे काय चाललं होतं, हे मला तिच्या शब्दांवाचून कळायला हवं होतं. जमादारांच्या त्या ढिगाने ते काम केलं.

मुद्देमालाच्या खोलीत पंचांसमोर गाठ सोडून मी ढीग लांब टेबलावर पसरवला. एकेकाला आत बोलावलं आणि म्हणालो, "यातली तुझी गड्डी उचल. दुसरं काही बोलायचं नाही." बाहेरच्यांना आतलं दिसत नव्हतं आणि आत येऊन गेलेल्याला मी बाहेरच्यांत मिसळू दिलं नाही. मनात हिशेब साधा होता. खोटं असेल तर दोन जण एकाच पत्त्यावर हात ठेवतील, आणि तो महागाचा पत्ता तर पहिलाच उचलेल.

पहिले मास्तर आले. कुठल्या पाकिटाला कुठे ओरखडा आहे हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. एकेक पत्ता वेचताना ते पुटपुटत होते, जणू जत्रेत हरवलेली पोरं सापडत होती. मग खाणीच्या वजनकाट्यावरचा कारकून आला. त्यानंतर बाकीचे दोघे, मग मोबाइलचा दुकानदार, आणि सगळ्यात शेवटी ती. प्रत्येकाने आपलं उचललं. कोणाचा हात दुसऱ्याच्या पत्त्यावर पडला तर तो विस्तवाला लागल्यासारखा मागे येत होता. एकाही पत्त्यावर दोघांनी हक्क सांगितला नाही.

आणि शेवटी टेबलावर एक गड्डी उरली. तिच्यात काळा गरुड होता. पंख पसरलेला, चोचीत चंद्रकोर धरलेला. मला आर्ट कळत नाही, पण पत्ता देखणा होता. सहा जण एकेकटे त्याच्यासमोर उभे राहून गेले होते. उचलला असता तर कोणाला कळलं नसतं. एकानेही उचलला नव्हता.

मी सहाही जणांना वेगवेगळं विचारलं, हे कोणाचे? उत्तर एकच आलं. "त्याचे आहेत, साहेब. तो येत नाही आजकाल."

तो म्हणजे औषधाच्या दुकानात काम करणारा एक तरुण. रिकामी खुर्ची त्याची. गरुड त्याच्याच पाकिटात निघाला होता. किंमत माहीत नसताना त्याने तो मोबाइलच्या दुकानदाराला दुसऱ्या दोन पत्त्यांच्या बदल्यात दिला आणि हातात हात दिला. या लोकांत हातात हात दिला की अदलाबदल पक्की, मागे फिरायचं नाही. पुढे त्याला किंमत कळली, त्याने परत मागितला आणि सगळ्यांनी नियम दाखवला. तो चिडून डबा तिथेच टाकून निघून गेला.

"मग गरुड त्याच्या डब्यात कसा?" मी दुकानदाराला विचारलं.

त्याने मान खाजवली. "मीच ठेवला, साहेब. नियम आहे तं आहे, पण थे बरोबर वाटे ना मले. खुर्चीपुढं डबा ठेवतो दर रविवारी. आला तं दिसन त्याले."

फोनवरचा तो रुसलेला आवाज कोणाचा, हे मला तेव्हा कळलं. मी कोणाला सांगितलं नाही. खबर देणाऱ्याचं नाव पोलिसाच्या पोटातच राहतं.

उपविभागीय अधिकाऱ्यांना फोन करून सगळं सांगितलं. खात्री आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, साहेब, इतके प्रामाणिक जुगारी मी पाहिले नाहीत. ते हसले. गुन्हा होत नसल्याची नोंद डायरीला घेतली, पत्ते पोच घेऊन परत दिले आणि त्याच बैठकीत मुलीच्या कागदावर सही करून शिक्का मारला. तिने कडक सॅल्यूट ठोकला, तोही चुकीच्या हाताने.

उरलेली गड्डी कायद्याने तिच्या मालकालाच द्यायची होती. मी त्या तरुणाला ठाण्यात बोलावलं. त्याने दारातून "साहेब" म्हटलं आणि आवाज जुळला. डबा पुढे सरकवून म्हणालो, "तपासून घे अन् सही कर." त्याने झाकण उघडलं, वरच गरुड होता. तो पाहत राहिला.

"हा माझा नाही, साहेब. हा मी देऊन टाकलता."

"तुझ्याच डब्यात होता. ज्याला दिला होतास त्यानेच ठेवला."

त्याचा चेहरा पडला. "साहेब, थो फोन मी केलता. मले वाटलं दोन दंडे पडतीन, खोली बंद होईन. ती रविवारी ग्राउंडवर जाते, असन नाही म्हटलं. तिच्या भरतीचं काय झालं?"

"सही झाली तिच्या कागदावर," मी म्हणालो. "अन् फोनचं म्हणशील तर रोज शंभर फोन येतात, मला कोणाचा आठवत नाही. वरच्या खोलीला कडी नसते, तुला माहीतच आहे."

तो डबा छातीशी धरून गेला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

प्रशिक्षणाला निघण्याआधी ती पेढे घेऊन आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचा सातवा आला का?"

"आला, साहेब. अन् आल्या आल्या सगळ्याईसमोर सांगतलं का फोन मीच केलता."

माझा हात पेढ्यावरच थांबला. "मग तू काय म्हणालीस?"

"लय राग आलता. मंग माझी गड्डी पिसली अन् त्याच्यापुढं ठेवली. म्हटलं, काप."

पोलिसात राहून माणसं लवकर ओळखता येतात असा माझा समज होता. या केसने शिकवलं की आधी त्यांच्या वस्तूला त्यांचा हात कसा लागतो ते पाहावं, आणि दुसऱ्याच्या वस्तूला कसा लागतो ते तर नक्कीच पाहावं. कलम त्यानंतर शोधावं. तरुण पोरं नाद करतात म्हणून आपण कुरकुरतो. त्या नादात सरडे आणि राक्षस जरूर होते, पण दिलेल्या शब्दाची चाड होती आणि रुसून गेलेल्याची खुर्ची राखून ठेवलेली होती. हे मी मोठमोठ्या सभ्य घरांत पाहिलेलं नाही.

निवृत्तीनंतर मी बाभुळगावला राहतो. मागच्या महिन्यात त्या बाजूला गेलो होतो, रविवार होता, म्हणून जिना चढलो. ती रजेवर आली होती, केस आखूड, खांदे ताठ. सातही खुर्च्या भरलेल्या होत्या. मास्तर हरत होते. मला तिने आठवी खुर्ची ओढून आपल्यासमोर बसवलं, खेळता येत नाही म्हणालो तरी ऐकलं नाही. भिंतींची ती गड्डी तिने पिसली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली. तीच गड्डी माझ्या माणसांनी एकदा कापडात ढवळली होती.

"कापा, साहेब," ती म्हणाली.

मी आधी रुमालाला हात पुसले आणि मग कापली.